1572चं सिक्सपेन्स निघालं थ्रीपेन्स: एका ऑनलाइन खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे. त्याला विचारूनच लिहितो आहे. नाव-गाव आणि विक्रेत्याची ओळख लागेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मित्र मूळचा सातारा जिल्ह्यातला. गेली बारा वर्षं इंग्लंडात, मिडलँड्समधल्या एका शहरात नोकरीला. नाण्यांचा नाद घरातूनच आलेला. त्याच्या वडिलांकडे, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या अप्पांकडे, चांगल्या दीड-दोनशे शिवराया आहेत. आठवडी बाजारात भांडीवाल्याकडे मोडीत आलेल्या तांब्यातून एकेक निवडून घेतलेल्या. लहानपणी मित्राचं काम ठरलेलं असे: अप्पा नाणं हातात देत आणि तो सोनाराकडून आणलेल्या जुन्या तराजूवर वजन करून वहीत लिहून ठेवी. अर्ध्या शिवराईवरही मजकूर तोच असतो. झिजलेलं नाणं पूर्ण की अर्धं, याचा निकाल तराजूच देतो. पुढे जे घडलं ते वाचताना ही वही लक्षात असू द्या.

इंग्लंडात आल्यावर पहिली काही वर्षं त्याने सोप्या वाटेने काढली. व्हिक्टोरिया राणीपासून सहाव्या जॉर्जपर्यंतची यंत्रावर पाडलेली नाणी. यांची वजनं ठरलेली: 1860 पासूनची कांस्याची पेनी 9.45 ग्रॅम, शिलिंग 5.66, हाफ क्राऊन 14.14. चांदी 1919 पर्यंत 92.5 टक्के, 1920 पासून 50 टक्के आणि 1947 पासून चांदीचा पत्ताच नाही, नुसतं तांबं-निकेल. तक्ता हाताशी असला की फसायला फार जागा उरत नाही. त्याची जवळजवळ सगळी खरेदी ऑनलाइन होत होती आणि चार वर्षांत एकदाच एक नक्कल गळ्यात पडली होती, तीही चुंबकाला चिकटली म्हणून पाच मिनिटांत उघडी पडली. यामुळे त्याला थोडा आत्मविश्वास आला होता. थोडा जास्तच.

मग त्याला हातोड्याने पाडलेल्या नाण्यांची ओढ लागली. इकडे त्यांना ‘हॅमर्ड’ म्हणतात. खालच्या ठशावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर घाव. प्रत्येक नाणं वेगळं, वाकडं, एका बाजूला सरकलेलं. शिवराया हाताळलेल्या माणसाला हा प्रकार घरचाच वाटणार. सुरुवात पहिल्या एलिझाबेथच्या एका सिक्सपेन्सने, म्हणजे सहा पेनींच्या नाण्याने, करायची आणि शंभर पौंडांवर जायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

या नाण्याबद्दल आधी थोडं

एलिझाबेथ 1558 साली गादीवर आली तेव्हा इंग्लंडचं चलन पार बिघडलेलं होतं. तिच्या वडिलांनी, आठव्या हेन्रीने, चांदीत तांबं मिसळून नाणी पाडली होती. 1560-61 मध्ये ती हिणकस नाणी परत घेऊन चांगल्या चांदीची नवी नाणी काढण्यात आली. 1561 मध्ये आणखी काही किमतींची नाणीही निघाली: सहा पेनी, तीन पेनी, दीड पेनी, पाऊण पेनी. (या शेवटच्या नाण्याला इंग्रजाला ‘थ्री फार्दिंग्ज’ म्हणावं लागतं. आपण पाऊण म्हणून मोकळे होतो.)

आता चार पेनी आणि तीन पेनी, दोन आणि दीड, एक आणि पाऊण ही नाणी आकाराने इतकी जवळजवळ की बाजारात घोटाळा होणारच. म्हणून टांकसाळीने तोड काढली. सहा, तीन, दीड आणि पाऊण या चौघांवर राणीच्या डोक्यामागे एक गुलाब आणि मागच्या बाजूला ढालीच्या वर साल. शिलिंग, ग्रोट म्हणजे चार पेनी, अर्धा ग्रोट आणि पेनी यांवर गुलाबही नाही, सालही नाही. नाणं हातात घेतलं, गुलाब दिसला, की चार नाही, तीन आहे.

व्यवस्था उत्तम होती, पण हातात नाणं धरणाऱ्या माणसासाठी. गुलाबवाली चारही नाणी एकमेकांच्या निम्मी आहेत आणि बाकी चित्र सारखंच: पुढे मुकुट घातलेली राणी, भोवती लॅटिन बिरुदं, मागे लांब क्रूसावर ढाल, ढालीत फ्रान्सची लिली आणि इंग्लंडचे सिंह. (फ्रान्सचा शेवटचा तुकडा, कॅले बंदर, एलिझाबेथ गादीवर येण्याआधीच हातचा गेला होता, पण नाण्यावरचा दावा काही सुटला नाही.) हातात धरलं तर सहा आणि तीन यांत चूक करणं अवघड. सिक्सपेन्स साधारण 26 मिमी, म्हणजे आजच्या ब्रिटिश दोन पेन्सच्या नाण्याएवढं. थ्रीपेन्स साधारण 19 मिमी, आजच्या पाच पेन्स आणि एक पेनीच्या मधलं. नवं असताना एकाचं वजन 3.1 ग्रॅम, दुसऱ्याचं 1.55.

पडद्यावर मात्र दोन्ही नाणी सारखीच भरतात.

खरेदीची रात्र

रविवारी रात्री मित्राला एका लिलाव संकेतस्थळावर नाणं दिसलं. वर्णनात ‘एलिझाबेथ पहिली, चांदीचं सिक्सपेन्स, 1572, मेटल डिटेक्टरने सापडलेलं’ एवढंच. विक्रेता खासगी, दुकानदार नव्हे. छायाचित्रं तीन: पुढची बाजू, मागची बाजू आणि दोन बोटांत धरलेलं नाणं, बरंच जवळून घेतलेलं. बोली संपायला चाळीस मिनिटं होती.

त्याने जे तपासलं ते चोख तपासलं. साल स्पष्ट होतं. राणीच्या डोक्यामागे गुलाब होता. मजकुराच्या सुरुवातीला एर्मिन हे चिन्ह होतं, म्हणजे राजचिन्हांत दिसणारा केसाळ शेपटीच्या टोकासारखा ठिपका. या चिन्हांना संग्राहक ‘इनिशियल मार्क’ म्हणतात. टांकसाळीत पाडलेल्या मालातून नमुन्याची नाणी एका पेटीत जमा होत, ठरावीक काळाने त्यांची चांदी तपासली जाई आणि त्यानंतर चिन्ह बदले. त्यामुळे चिन्हावरून काळ कळतो. एर्मिन 1572-73चं. सालाशी जुळतं. नक्कल करणारे पुष्कळदा इथेच घसरतात, साल एक आणि चिन्ह दुसऱ्याच दशकातलं.

एवढं जुळल्यावर त्याने एक प्रश्न टाइप केला, वजन किती. आणि पाठवला नाही. कारण विचारलं तर म्हणाला, ‘चाळीस मिनिटांत उत्तर कुठलं येतंय? आणि विक्रेत्याने ते वर्णनात घातलं असतं, तर बाकीच्यांचंही लक्ष गेलं असतं.’ दुसरं कारण जास्त खरं असावं. आपल्याला काहीतरी स्वस्तात मिळतंय असं वाटलं की माणूस प्रश्न विचारायला घाबरतो.

नाणं 78 पौंडांना त्याच्याकडे आलं.

पाकीट उघडल्यावर

गुरुवारी पाकीट आलं. मला फोन आला तो संध्याकाळी, आवाजात नवल जास्त, राग कमी. ‘अरे, हे केवढंसं आहे!’ डिजिटल काट्यावर 1.41 ग्रॅम. व्यास 19 मिमी.

त्याच्या मनात आलेली पहिली शंका खोटेपणाची, आणि ती साहजिक होती. संग्रहालयांच्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या नकला फिरत फिरत खऱ्या म्हणून बाजारात येतात. त्याने कड पाहिली: साच्याची रेघ नाही. भिंगाखाली पृष्ठभाग पाहिला: ओतीव नाण्यावर दिसणारे बारीक फोड नाहीत. मग पाण्यातलं वजन. नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवायचं, वजन किती घटतं ते बघायचं, कोरड्या वजनाला त्याने भागायचं. घट आली 0.14 ग्रॅम, म्हणजे घनता 10च्या थोडी वर. चांगल्या चांदीची अपेक्षित घनता 10.3च्या आसपास. तो खूश झाला, आणि इथे मी त्याला अडवलं. काटा 0.01 ग्रॅमचा. घट 0.13 असती तर घनता 10.8 आली असती, 0.15 असती तर 9.4. इतक्या लहान नाण्यावर या चाचणीतून फार तर एवढं कळतं की नाणं कथलाच्या मिश्रधातूचं नाही. हाफ क्राऊनसारख्या जड नाण्यावर ती उपयोगाची, इथे नुसतं समाधान.

दुसरी शंका: हे कातरलेलं सिक्सपेन्स तर नाही? त्या काळी लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी बाजूला काढत आणि उरलेलं नाणं पूर्ण किमतीला खपवत. कातरलेली सिक्सपेन्स पुष्कळ सापडतात. पण कात्री बाहेरून आत येते. आधी बाहेरचं मण्यांचं वर्तुळ जातं, मग अक्षरांची डोकी. या नाण्यावर दोन-तृतीयांश भागात बाहेरचे मणी शाबूत होते, अक्षरं सगळी पूर्ण. म्हणजे नाणं कातरलेलं नव्हतं, मुळातच लहान होतं.

त्याच रात्री व्हिडिओ कॉलवर त्याने ते अप्पांना दाखवलं. अप्पांना एलिझाबेथशी काही देणंघेणं नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘वजन किती भरलं?’ 1.41 म्हटल्यावर मनाशी हिशेब करून म्हणाले, ‘दीड मासा. आणि पाहिजे किती होतं?’ तीन ग्रॅम. ‘मग अर्धं आहे ते. एवढं काय त्यात?’

अप्पांनी आणखी एक सल्ला दिला: चिंच लावून बघ, अक्षरं उठतील. तांब्याच्या शिवरायांना ते वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. वहिनींनी तिथल्या तिथे नाही म्हटलं, आणि त्यांचं कारण नाणेशास्त्राशी संबंधित नव्हतं: ‘परत करायचं असेल तर जसं आलंय तसंच राहू दे.’ हा निर्णय बरोबर ठरला. घासलेल्या चांदीची किंमत तर पडतेच, शिवाय हात लावलेली वस्तू परत घ्यायला कोण तयार होणार?

समोर असलेले पर्याय

शुक्रवारी आम्ही बसून विचार केला. ब्रिटनमध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून दुरून खरेदी केली तर 2013च्या नियमांनुसार 14 दिवसांत कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. खासगी विक्रेत्याला हा नियम लागू नाही. मात्र वर्णनानुसार विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, हे 1979च्या माल विक्री कायद्यातलं तत्त्व खासगी विक्रीलाही लागू होतं, आणि संकेतस्थळाची स्वतःची तक्रार-व्यवस्था होतीच. सिक्सपेन्स म्हणून थ्रीपेन्स देणं म्हणजे वर्णनाशी न जुळणं, यात वाद नव्हता.

सगळ्यात सरळ मार्ग होता नाणं परत करून पूर्ण पैसे घेणं. दुसरा, नाणं ठेवून किमतीतला फरक मागणं. तिसरा, गप्प बसणं. हा मित्राने स्वतःच मांडला, कारण थ्रीपेन्स खरं आहे आणि त्याला आवडलंय. चौथा माझा: आधी एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला नाणं दाखवावं, मग विक्रेत्याशी बोलावं. पुढच्या महिन्यात लंडनला नाणे-मेळा होता, पण तोवर तक्रारीची मुदत संपली असती. म्हणून माझा पर्याय बाद झाला. आज वाटतं, तो इतक्या घाईने बाद करायला नको होता. छायाचित्रं पाठवून मत घेता आलं असतं.

परत करण्याला मित्राचं मन तयार नव्हतं. तोवर त्याला थ्रीपेन्सच जास्त हवंसं वाटायला लागलं होतं. सिक्सपेन्स 1602 पर्यंत पाडली गेली, थ्रीपेन्स 1582 मध्येच बंद झालं. (नाण्यावर 1583 किंवा पुढचं साल असतं तर हा घोटाळा झालाच नसता.) दुर्मीळ म्हणावं असं काही नाही, पण तुलनेने कमी दिसणारं. छंदात मनाची अशी समजूत फार पटकन पडते. किमतीचं म्हणाल तर त्याने आधी विकल्या गेलेल्या, साधारण तेवढ्याच झिजलेल्या सहा थ्रीपेन्सच्या किमती काढल्या. त्या 45 ते 70 पौंडांच्या मधल्या होत्या. म्हणजे 78 जास्त होते, पण डोळे पांढरे व्हावेत इतके नाहीत.

काय केलं

पहिला मजकूर त्याने शुक्रवारी रात्री लिहिला. त्यात ‘दिशाभूल’ हा शब्द दोनदा होता. वहिनींनी वाचला आणि म्हणाल्या, ‘त्याला चोर ठरवायच्या आधी त्याने वजन केलं होतं का ते विचारा ना.’ तो मजकूर पुसला गेला.

शनिवारी सकाळी गेला तो मजकूर असा होता: नाणं मिळालं, खरं वाटतंय, आवडलं. वजन 1.41 ग्रॅम, व्यास 19 मिमी, पट्टीसह छायाचित्र सोबत. या मापांवरून हे सिक्सपेन्स नसून त्याच वर्षाचं थ्रीपेन्स दिसतं. आपण वजन केलं होतं का? आरोप नाही, मागणीही नाही.

उत्तर दुपारीच आलं. विक्रेता मेटल डिटेक्टर घेऊन शेतं हिंडणारा हौशी माणूस. वजन केलं नव्हतं, पण ‘कडा कातरलेल्या दिसतात, सिक्सपेन्सच असणार’ असं त्याचं म्हणणं. गुलाब आणि साल दिसलं की सिक्सपेन्स, असं त्याला त्याच्या गटातल्या कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे मित्राची आणि त्याची चूक एकच होती. त्याने विकताना केली, याने घेताना.

इथे मित्राने जे केलं ते मला या प्रकरणातलं सगळ्यात चांगलं काम वाटतं. त्याने वाद न घालता पुरावा काढला. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमिनीतून सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी एक योजना आहे, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम. 1997 मध्ये सुरू झालेली, ब्रिटिश म्युझियम चालवतं. तिच्या ऑनलाइन नोंदवहीत दहा लाखांहून अधिक वस्तू आहेत, प्रत्येक नाण्याचं वजन, व्यास, चिन्ह, छायाचित्र, आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. तिथून एर्मिन चिन्हाची थ्रीपेन्स शोधली. वजनं दीड ग्रॅमच्या आतबाहेर, व्यास 18 ते 20 मिमी. तशाच चिन्हाच्या सिक्सपेन्सच्या नोंदीही काढल्या आणि दोन्हींचे दुवे एकाखाली एक ठेवून पाठवले. सोबत बाहेरच्या मण्यांचं एक मोठं केलेलं छायाचित्र.

विक्रेत्याने तासाभरात मान्य केलं. म्हणाला, परत पाठवा, पोस्टेजसकट पूर्ण पैसे देतो, किंवा ठेवायचं असेल तर 20 पौंड परत करतो. मित्राने ठेवायचं ठरवलं, पण दोन गोष्टी मागितल्या. 20 पौंड संकेतस्थळामार्फतच परत यावेत, म्हणजे कारणासह नोंद राहील. आणि नाणं कुठल्या गावच्या हद्दीत, साधारण कधी सापडलं, हे लिहून द्यावं.

दुसरी मागणी नुसत्या कुतूहलाची नव्हती. हॅमर्ड नाण्यांत मागचा इतिहास कळणं हाच खोटेपणाविरुद्धचा एक आधार असतो. शिवाय कायद्याचा भागही आहे. 1996च्या ट्रेझर ॲक्टनुसार एकाच ठिकाणी सापडलेली, 300 वर्षांहून जुनी, सोन्याचांदीची दोन किंवा अधिक नाणी ‘ट्रेझर’ ठरतात आणि ती कळवावीच लागतात. सुटं एक चांदीचं नाणं त्यात बसत नाही, पण ते सुटंच सापडलं होतं हे कुणीतरी सांगायला हवं ना? स्कॉटलंडात नियम आणखी कडक, तिथे सुटं नाणंही कळवावं लागतं. अप्पांना ते नाणं हातात घेऊन बघायची इच्छा होती, पण ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायची तर निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. त्यामुळे अप्पांनीच इकडे यावं असं ठरलं.

निकाल, आणि मेळ्यातले दहा सेकंद

20 पौंड दोन दिवसांत जमा झाले. नाणं 58 पौंडांना पडलं, म्हणजे त्या सहा विक्रींच्या बरोबर मध्यावर. मित्राच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

पुढच्या महिन्यात आम्ही लंडनच्या मेळ्याला गेलो. हॅमर्ड नाण्यांच्या एका टेबलामागे साठीचे एक गृहस्थ बसले होते. मित्राने मुद्दाम काही न सांगता नाणं पुढे ठेवलं. त्यांनी ते कडेने धरलं, दिव्याखाली एकदा तिरपं केलं. ‘थ्रीपेन्स, एर्मिन, 72. फाइन.’ (फाइन हा नाणं किती झिजलंय ते सांगणारा दर्जा.) इथवर सगळं पाठ केल्यासारखं. मग आणखी एकदा तिरपं करून म्हणाले, हे कधीतरी वाकलेलं होतं आणि कुणीतरी सरळ केलंय.

राणीच्या गालावरून मुकुटापर्यंत एक आडवी, अगदी पुसट घडी होती. समोरून प्रकाश टाकला तर दिसत नाही, कडेने टाकला तर लगेच उठते. नांगराने नाणी वाकतात, आणि प्रेमाची खूण म्हणून मुद्दाम वाकवलेली नाणीही त्या काळची सापडतात. यातलं कुठलं, ते सरळ केल्यावर सांगता येत नाही. पण सरळ केलेलं नाणं त्याच दर्जाच्या निर्दोष नाण्याहून स्वस्त जातं. किती स्वस्त, असं विचारल्यावर ते गृहस्थ म्हणाले, ‘मी चाळीस दिले असते, कदाचित.’ व्यापाऱ्याचा खरेदीचा भाव नेहमीच कमी असतो हे धरलं, तरी 58 जास्तच झाले.

परतीच्या गाडीत मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘महिनाभर नाणं घरात आहे. मी ते पन्नासदा मोजलं. तिरपं करून एकदाही पाहिलं नाही.’

पुन्हा करायचं झालं तर

बोलीच्या रात्री वजन विचारायला हवं होतं, हे उघड आहे. उत्तर आलं नसतं तर बोली लावायची नव्हती. आठवड्याला अशी नाणी निघतच असतात. पण माझ्या मते त्याहून मोठी चूक तिसऱ्या छायाचित्रात होती. दोन बोटांत धरलेलं नाणं. अंगठ्याचं नख त्यात स्वच्छ दिसत होतं. मित्राने नंतर स्वतःचं नख मोजलं: 15 मिमी. छायाचित्रातलं नाणं नखाहून जेमतेम थोडं रुंद होतं. सिक्सपेन्स असतं तर ते नखाच्या पावणेदोन पट भरलं असतं. माप वर्णनात नव्हतं, पण चित्रात होतं. हॅमर्ड नाण्यांत तो साल आणि चिन्ह वाचायला शिकला होता, म्हणून त्याने तेवढंच वाचलं. अप्पांना यातलं काहीच वाचता येत नाही, म्हणून त्यांनी थेट वजन विचारलं.

विक्रेत्याशी केलेल्या बोलण्यात मी काही बदलणार नाही. 20 पौंड घेऊन नाणं ठेवण्याचा निर्णय मात्र मला आजही घाईचा वाटतो. पूर्ण परतावा समोर होता. भाव ठरवताना फक्त ‘सहा की तीन’ या प्रश्नाचा विचार झाला आणि त्याचं उत्तर मिळाल्यावर नाण्याची तपासणीच थांबली. परताव्याचं बोलणं करण्याआधी एक संध्याकाळ देऊन नाणं नव्याने, कोऱ्या मनाने पाहिलं असतं, बाजूने दिवा लावून, तर घडी दिसली असती. मित्राचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, घडी दिसली असती तरी ठेवलंच असतं, फक्त 30 मागितले असते. असेलही.

आता तो हॅमर्ड नाणं घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी मागतो: वजन, पट्टीसह छायाचित्र, आणि एकाच बाजूने प्रकाश टाकून काढलेलं छायाचित्र. खासगी विक्रेत्यांपैकी बरेच जण उत्तरच देत नाहीत. जे देतात त्यांच्याकडून घेतो, किंवा ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सदस्य-व्यापाऱ्यांकडून, थोडे जास्त पैसे मोजून.

सध्या

नाणं आम्लविरहित कागदाच्या लहान पाकिटात आहे. पाकिटावर मित्राच्या अक्षरात, अप्पांच्या वहीतल्या क्रमाने: 1.41 ग्रॅम, 19 मिमी, एलिझाबेथ पहिली, थ्रीपेन्स, एर्मिन, 1572, आडवी घडी, सरळ केलेली. त्याखाली ‘सापडल्याचं ठिकाण’ असं लिहून पुढे जागा सोडली आहे. विक्रेत्याने शेतमालकाला विचारून कळवतो म्हटलं होतं. दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा लगेच उत्तर आलं की पेरणी उरकली की भेटतो. जागा अजून कोरी आहे.